वास माशाचा नव्हता

सोळा फेब्रुवारी. सुकट निवडत होते.

नणंदेने वेंगुर्ल्याहून दरवर्षीसारखी पिशवी पाठवली होती. सुकट म्हणजे वाळवलेला बारीक जवळा. दिसायला सुपलीतल्या केरासारखा, पण कांद्यावर परतला की दोन पोळ्या जास्त जातात. निवडायला मात्र जीव जातो. बारीक शिंपल्या, वाळू, जाळ्याचे निळे धागे, सगळं बोटांनी वेगळं काढायचं. मी स्वयंपाकघरात जमिनीवर पेपर पसरून बसले होते. मांजर पेपरच्या कडेला बसली होती, पुढचे पाय पोटाखाली घेऊन, माझ्याकडे पाठ करून. समोर सुकटीचा ढीग असताना पाठ करून. मला तिथेच कळायला हवं होतं.

बेल वाजली. समोरच्या काकू होत्या. आमच्या मजल्यावर चार घरं, त्यातलं आमच्या दारासमोरचं त्यांचं. वय अडुसष्ट, तीन वर्षांपूर्वी इथे राहायला आल्या, एकट्या राहतात, गळ्यात तुळशीची माळ. सकाळी मी मरोळच्या लॅबमध्ये असते तेव्हा आमची मांजर त्यांच्या खिडकीत ऊन खात पडलेली असायची. आमच्याकडे सकाळचं ऊन येत नाही, आणि ऊन कुठे मिळतं ते मांजरीला शिकवावं लागत नाही.

काकू उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगं, एक सांगायचं होतं. तुझ्या मांजरीच्या तोंडाला घाण वास येतो."

मी हातातली शिंपली पेपरच्या कडेला टाकली. "मासे खाते ती काकू. मोगऱ्याचा यायचा का?"

"तसला नाही गं. वेगळा येतो. काल माझ्या मांडीवर जांभई दिली तर मळमळलं मला."

"मग मांडीवर घेऊ नका."

माझ्या मागे पसरलेल्या सुकटीकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि घरात गेल्या. त्यांनी सुकटीकडे पाहिलं एवढंच माझ्या लक्षात राहिलं. बाकी त्या काय बोलल्या ते मी त्याच क्षणी पुसून टाकलं.

असं का केलं हे समजायला आमच्या इमारतीतला एक जुना किस्सा सांगायला हवा. आमची जुनी चाळ पाडून ही सात मजली इमारत झाली. चाळीतले आम्ही परत आलो आणि वरच्या मजल्यांवर नवीन लोक आले. पहिल्याच वर्षी खाली फळ्यावर नोटीस लागली: "दुर्गंधीयुक्त पदार्थ शिजवताना दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात." कुठले पदार्थ ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. या उपनगरात कुणी वासाबद्दल बोललं की ते माशांबद्दलच बोलत असतं. मी त्याच नोटिशीखाली पेनने लिहिलं, "पदार्थांची यादी द्यावी. त्यात हिंग, मुळा आणि नऊ दिवस न रिकामा केलेला कचऱ्याचा डबा आहे का तेही कळवावे." खाली सही आणि फ्लॅट नंबर. आठ दिवसांत नोटीस गेली. तेव्हापासून चाळीतले जुने लोक मला जिन्यात बघून हसतात आणि सेक्रेटरी माझ्याशी नमस्कारापुरतंच बोलतो.

जिंकलेल्या भांडणाची एक अडचण असते. पुढचं प्रत्येक भांडण तेच आहे असं वाटायला लागतं.

आता मांजरीबद्दल. ती चौदा वर्षांची. चाळीच्या मोरीत सापडली होती, माझ्या मुठीएवढी. नाव ठेवलं नाही. आमच्याकडे मांजराला नाव ठेवायची पद्धत नव्हती, मांजर म्हणजे घरात येणारं-जाणारं जनावर. हाक मारायची असली तर "ए बाई". चाळ पाडली तेव्हा तीन वर्षं भाड्याच्या घरात ती आमच्याबरोबर राहिली आणि आमच्याबरोबर परत आली. तिने उंदीर मारायचं काम मन लावून केलं, आम्ही तिला मासे घातले. त्यापलीकडे आमच्यात काही लाडीगोडी नाही. मी सोशल मीडियावर मांजरीचे फोटो टाकणारी बाई नाही.

काकूंनी तक्रार केली त्या आठवड्यापासून मी मासे जास्त केले. हे खरं आहे, आणि आज लिहायला लाज वाटली तरी लिहिते. रविवारी बोंबील तळले ते दार उघडं ठेवून. बुधवारी सुकट परतली, तीही दार उघडं ठेवून. नवरा म्हणाला, "अगं, पंखा तरी लाव."

"का? वास जायला हवाय कुठे?"

"बाहेर जातोय सगळा. समोरच्यांकडे."

"जाऊ दे की. त्यांनाच वासाची चौकशी होती."

तो एका औषध कंपनीच्या गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर आहे. वादात पडायचं नाही आणि माल मोजूनच सही करायची, हे त्याचं तत्त्व. त्याने ताटातला बोंबील संपवला आणि म्हणाला, "पण ती खात नाहीये."

मांजर तिच्या ताटलीपुढे बसली होती. बोंबलाचा तुकडा हुंगत होती. मान एका बाजूला वाकडी करून तिने तो उचलला, दोनदा चावला आणि खाली टाकला. मग पंजाने तोंड पुसल्यासारखं केलं.

"लाडावलीय," मी म्हटलं. "समोर दूधभात खाऊन सवय बिघडलीय."

खरं म्हणजे समोरचं दार आता तिच्यासाठी बंद झालं होतं. काकू सकाळी दार लावून घ्यायच्या. मांजर पॅसेजमध्ये त्यांच्या पायपुसण्यावर बसून राहायची. लॅबमधून परत आल्यावर मला हे रोज दिसायचं आणि रोज माझं डोकं फिरायचं. तीन वर्षं मांजर चालली, आणि आता मासे खाते म्हणून नको? माळ घातली म्हणून काय घरातलं ऊनसुद्धा सोवळं झालं? हे मी त्यांच्या बंद दाराकडे बघत मनात बोलायचे. तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं, त्यांनी मला तिथेच जागेवर आणलं असतं. ते त्यांनी पुढे केलंच, पण पंधरा दिवस फुकट गेले. आणि ते पंधरा दिवस माझे नव्हते, मांजरीचे होते.

त्या पंधरा दिवसांत मी काय काय पाहिलं त्याची आता मी स्वतःलाच यादी देते. तिची लाळ गळायची, उशीवर ओला डाग पडायचा. मी म्हटलं, म्हातारपण. अंगावरचे केस कुंच्यासारखे उभे राहिले, चाटून साफ करायचं तिने सोडलं होतं. मी म्हटलं, आळस. पाणी आधीपेक्षा जास्त प्यायची. मी म्हटलं, सुकट खारट असते. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता यायचे. मी म्हटलं, रुसलीय. रोज सकाळी सात ते अकरा मी लोकांचं रक्त घेते. पंचवीस वर्षं झाली. जो येतो तो निदान घेऊनच येतो. "मॅडम, उष्णताच आहे." "मॅडम, माझ्या मेव्हण्याला हेच झालं होतं." मी प्रत्येकाला एकच सांगते, बाही वर करा, आधी नमुना, मत उद्या. आणि माझ्या घरात मी एकही नमुना न घेता चार-चार मतं देऊन बसले होते.

मार्चच्या पहिल्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. त्याच्या तीन दिवस आधी कमिटीचं पत्र आलं. सेक्रेटरीने स्वतः आणून दिलं, दोन बोटांत धरून. पाचव्या मजल्यावरच्या कुणीतरी लेखी तक्रार केली होती: आमच्या पॅसेजमध्ये दुर्गंधी येते, पाळीव जनावर पॅसेजमध्ये बसते, सबब जनावराची अन्यत्र व्यवस्था करावी व पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यावा.

"अन्यत्र म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"ते तुम्ही बघा. गावाला वगैरे."

"तुम्ही जाता का गावाला? व्यवस्था करते."

तो लिफ्टची वाट न बघता जिन्यानेच उतरला. मी दार लावलं आणि तीन दिवस तयारी केली. पाळीव जनावरं ठेवायला सोसायटी मनाई करू शकत नाही, हे छापील कागदासकट शोधून काढलं. जुनी नोटीस, तिच्याखालचं माझं लिहिलेलं, त्याचा फोटो काढून ठेवला होता तोही छापून घेतला. नवऱ्याने विचारलं, "मांजरीला डॉक्टरकडे नेऊया का?" मी म्हटलं, "आधी मीटिंग." हे वाक्य मी म्हटलं होतं. नीट आठवतं.

मीटिंग खाली पार्किंगमध्ये. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, विमानतळ जवळ म्हणून वर विमानं. एक गेलं की बोलणाऱ्याला थांबावं लागतं. माझा विषय आला तशी मी उभी राहिले आणि चांगली दहा मिनिटं बोलले. काय खावं, काय शिजवावं, कुणाच्या घरात कुठलं जनावर असावं हे ठरवायचा अधिकार कमिटीला कुणी दिला? चाळ होती तेव्हा तीस घरांत मासे शिजायचे आणि कुणाच्या नाकाला काही झालं नव्हतं. आता भिंती पक्क्या झाल्या आणि नाकं नाजूक झाली? जुने लोक हसले, एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. बरं वाटतंच.

मग मागून काकू उठल्या. हळू उठतात त्या, गुडघे धरून. "मी बोलू का?"

सेक्रेटरी खूश झाला. "बोला ना, तुम्ही तर समोरच राहता."

"पहिली गोष्ट, लेखी तक्रार मी केलेली नाही. वास येतो हे मी हिला तोंडावर सांगितलं, तिच्या दारात. पंधरा दिवसांपूर्वी." त्या माझ्याकडे वळल्या. "दुसरी गोष्ट, तू हे जे मासे मासे लावलंयस. अगं, मी रेवदंड्याची. माळ घातली नवरा गेल्यावर, अकरा वर्षं झाली. त्याआधी सत्तावन्न वर्षं मी मासे खाल्लेत, विकलेत, वाळवलेत. सुकटीचा वास कुठला आणि कुजल्याचा कुठला, मला कळत नाही? तुझ्या सुकटीच्या वासाने मला अजून भूक लागते, म्हणून मी दार लावते. माझी मी आवरते. त्याचा मांजरीशी काय संबंध?"

वरून विमान आलं. सगळे थांबले. मी उभीच होते, हातात फाइल.

विमान गेल्यावर त्या म्हणाल्या, "मी विचारते ते सांग. तू तिचं तोंड उघडून बघितलंस का?"

सेक्रेटरीने "तर मग ठराव असा की" सुरू केलं तेव्हा मी फाइल घेऊन जिन्याकडे निघाले होते. मागून तो म्हणाला, "मॅडम, खुलासा?" मी म्हटलं, "मिळेल. पंधरा दिवस दिलेत ना?"

घरी आल्यावर मी लॅबमध्ये करते तेच केलं. हात धुतले, ट्यूबलाइट लावली, नवऱ्याला मोबाइलची बॅटरी धरायला सांगितली. मांजरीला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि ओठ वर केला. पहिल्यांदा वास आला. काकू म्हणाल्या होत्या तसाच. मासा कसाही शिळा झाला तरी त्याला खाण्याचा वास असतो, हा खाण्याचा वास नव्हता. डाव्या बाजूला हिरडी लालभडक, सुजलेली, कडेला पू. मागची दाढ तपकिरी कवचाखाली दिसतच नव्हती. बोट लागलं तशी ती ओरडली. चौदा वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता.

नवऱ्याने बॅटरी बंद केली. म्हणाला, "लवंगेचं तेल आहे ना घरात?"

"काही लावायचं नाही. उद्या डॉक्टर."

सांताक्रूझला एक बाई आहेत, जनावरांच्या डॉक्टर. माझ्या लॅबमधल्या एका मुलीचा कुत्रा त्यांच्याकडे जातो. सोमवारी मी लॅबमध्ये कळवलं की उशिरा येते. भाजीच्या जाळीच्या दोन टोपल्या एकावर एक पालथ्या घालून परकराच्या नाड्यांनी बांधल्या, आत मांजर. रिक्षावाल्याने मान मागे करून विचारलं, "क्या है मॅडम, मछली?" मी म्हटलं, "बिल्ली. रास्ता देखो."

डॉक्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. कमी बोलतात, मला आवडल्या. त्यांनी मांजरीचं वजन घेतलं, पोट दाबून पाहिलं, मग तोंड.

"किती दिवस झाले?"

"वास येतोय असं कळून पंधरा दिवस."

"आणि आलात आज?"

"हो."

त्यांनी वर पाहिलं. मी कारण दिलं नाही. कारण दिलं असतं तर त्यात सोसायटी आली असती, नोटीस आली असती, आणि टेबलावरच्या जनावराला त्यातलं काही लागू नव्हतं.

"लवंगेचं तेल वगैरे लावलं नाहीत ना? मांजराला ते विष असतं."

"नाही." घरी गेल्यावर नवऱ्याला हे सांगितलं तर तो पांढरा पडला.

मी म्हटलं, "मला सगळी कारणं सांगा. वासाची. मी लॅबमध्ये काम करते, घाबरणार नाही."

त्यांनी हातमोजे काढत काढत सांगितलं. बहुतेक वेळा दात आणि हिरड्या. दातांवर थर चढतो, दगडासारखा होतो, खाली हिरडी सडते, दात मुळापासून हलतो. कधी काटा किंवा दोरा अडकतो, जिभेखाली दोऱ्याचा वेढा बसलेली मांजरं त्यांनी पाहिली होती. कधी तोंडात गाठ असते. आणि कधी तोंड नुसतं दार असतं, बिघाड आत असतो. लघवीसारखा उग्र वास आला तर मूत्रपिंड. गोडसर, नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा आला तर साखर. यकृताचाही येतो. "मासे खाल्ल्याने वास येतो तो तासाभरात जातो. राहतो तो वास कधीच खाण्याचा नसतो."

हे शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या. मला ते पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकवल्यासारखं लागलं.

"दात काढावे लागतील," त्या म्हणाल्या. "चार तरी. पण भूल द्यावी लागेल आणि हिचं वय बघता आधी रक्त तपासू. पाणी जास्त पिते म्हणालात, मला मूत्रपिंडाची शंका आहे."

"रक्त मी घेते. आमच्याच मशीनवर लावते."

"नको. माणसाचे आकडे मांजराला लावू नका. आमची लॅब वेगळी असते."

पंचवीस वर्षांत मला कुणी रक्तातलं काही शिकवलं नव्हतं. मी मांजरीचा पाय धरून उभी राहिले. डॉक्टरांनी पायावरचे चार केस कापले आणि एका टोचणीत रक्त घेतलं. चांगला हात होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मूत्रपिंड थकलेलं होतं, पण संपलेलं नव्हतं. भुलेत धोका होता. सलाइन लावून, कमीत कमी वेळात करू, पण ती उठेलच अशी खात्री देत नाही. नाही केलं तर ती खाणं पूर्ण सोडेल, आणि तोंडातला पू रक्तात जातो. "निर्णय तुमचा," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत सांगा."

नवरा टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चौदा वर्षं म्हणजे खूप झाली गं. आता टेबलावर मारायचं तिला? घरात जाऊ दे ना, शांतपणे."

"उपाशी मरण्यात शांत काय असतं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलंस? ती कोपऱ्यात पडून राहील आणि आपण हळू बोलू, त्याला तू शांत म्हणतोस. तिला तोंडात ठणका आहे. दाढ ठणकली तेव्हा तू तीन दिवस घर डोक्यावर घेतलं होतंस. तुला कुणी म्हटलं का, पन्नाशी झाली, आता जाऊ दे?"

त्याने रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आणि नाही उठली तर?"

"नाही उठली तर मी नेलं म्हणून नाही उठली. तेही माझ्यावर."

हा निर्णय मी प्रेमापोटी घेतला असं कुणी म्हणू नये. पंधरा दिवस ती माझ्या हट्टापायी ठणका सोसत होती. आता तिच्यासाठी हट्ट धरायची वेळ होती. हट्ट मला सोडता येत नाही, वळवता येतो.

बेल वाजली. काकू होत्या. या वेळी उंबऱ्याच्या आत आल्या. "काय म्हणाली डॉक्टर?"

मी सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातल्या मांजरीकडे पाहिलं. "ने," त्या म्हणाल्या. "कधी नेणार?"

"गुरुवारी."

"मी येते. टोपली कोण धरणार रिक्षात? तू तर रिक्षावाल्याशी भांडत असशील."

गुरुवारी आम्ही दोघी गेलो. टोपली काकूंच्या मांडीवर. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं: "त्या दिवशी मांडीवर घेऊ नका म्हणालीस ना मला." मी बाहेर बघितलं. "हो, म्हणाले." त्यांनी विषय वाढवला नाही. माफी मागायची माझ्या मनात होती, पण मागितली नाही. त्यांनाही ती ऐकायची घाई दिसली नाही.

दवाखान्यात दोन तास बसलो. भिंतीवर मांजराच्या दातांचं चित्र होतं, तीस दात, प्रत्येकाला नंबर. मी ते पाठ केलं. काकू जपमाळ ओढत होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, "सुकटीत तू कोकम घालतेस का?"

"नाही. कांदा, ओली मिरची, थोडी चिंच."

"कोकम घाल. आणि लसूण ठेचून, चिरून नाही." पुन्हा माळ सुरू.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची वाटी होती. वाटीत पाच दात. चार म्हणाल्या होत्या, एक जास्त निघाला. "उठतेय," त्या म्हणाल्या. "हळू, पण उठतेय." मी वाटी हातात घेतली. सगळ्यात मोठी दाढ माझ्या नखाएवढीही नव्हती. त्या एवढ्याशा दाढेवर मी एक पूर्ण मीटिंग लढले होते.

डॉक्टरांनी सूचना दिल्या. औषध दोन वेळा. दोन दिवस पेजेसारखं मऊ. सुकट बंद, कायमची. मिठाचं वाळवलेलं काहीही नको, मूत्रपिंडाला चालत नाही. ताजा मासा चालेल, बिनमिठाचा, काटा काढून. महिन्याने परत रक्त. "वर्ष मिळेल का?" मी विचारलं. "मिळेल असं बघू," त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही.

घरी आणली तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती. नवऱ्याने जमिनीवर चादर अंथरून ठेवली होती, कुणी सांगितलं नव्हतं. ती चादरीवर न बसता शेजारी लादीवर बसली. संध्याकाळी चार चमचे पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये उशिरा येते असं कळवून मी मरोळच्या बाजारात गेले. ओले बोंबील घेतले, सहा. कोळीण म्हणाली, "सहाच? तळाय पुरायचे नाय."

"उकडायचेत. मांजरीला. मीठ न घालता."

"देवा! बिनमिठाचा बोंबील! तिनं काय गुन्हा केलाय?"

"तिने नाही केलेला," मी म्हटलं.

घरी येऊन बोंबील उकडले, मधला काटा ओढून काढला, पाणी घालून पेज केली. दुसऱ्या शेगडीवर माझ्यासाठी सुकट टाकली, लसूण ठेचून, दोन आमसुलं घालून. दार उघडं ठेवलं. या वेळी कुणाला खिजवायला नाही. आमचं दार सकाळी उघडंच असतं, आणि असणार. मांजर आली, ताटली हुंगली आणि चाटायला लागली. मान सरळ ठेवून. अर्धी ताटली संपवली आणि तिथेच बसली.

मी तिला उचललं आणि समोर जाऊन बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं. मी मांजर पुढे धरली. "घ्या वास."

त्यांनी पदर बाजूला केला, वाकल्या आणि दोनदा हुंगलं. "औषधाचा येतोय. आणि बोंबलाचा."

"आणखी?"

"आणखी काही नाही." मग माझ्या दाराकडे मान करून म्हणाल्या, "लसूण ठेचलीस वाटतं. दार लाव गं माझं, मला आवरू दे." पण मांजर त्यांनी माझ्या हातातून घेतली होती, आणि दार लावलं ते तिला आत घेऊन.

मग मी टेबलाशी बसून कमिटीचा खुलासा लिहिला. "दुर्गंधीचे कारण सापडले. ते एक सडलेली दाढ होते. दाढ काल काढली आहे. कारण वेळेवर न शोधण्याची चूक माझी. मासे या घरात शिजतात आणि शिजत राहतील. मांजर अन्यत्र जाणार नाही." खाली सवयीने "आपली विश्वासू" लिहिलं. "विश्वासू" खोडलं, मग "आपली"ही खोडलं आणि नुसती सही केली. जाताना कागद फळ्यावर टाचला, सगळ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि साडेनवाला लॅबमध्ये पहिल्या माणसाला म्हटलं, बाही वर करा.